मिसरूड फुटल्यावर थांबलेला रक्तस्राव : फॅक्टर नऊ जनुकाच्या प्रमोटरमधील एका अक्षराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण हिमोफिलिया बी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर नऊ या प्रथिनाच्या कमतरतेचा आजार, असलेल्या एका मुलाचे आहे. आमच्याकडे तो पहिल्यांदा आला तेव्हा चार वर्षांचा होता. आज तो पंधरा वर्षांचा आहे. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून ठिकाण, वर्षे व काही किरकोळ तपशील वगळले किंवा बदलले आहेत. जनुकातला बदल, नाती आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणाचे सारे महत्त्व त्यांतच आहे. माझे काम जनुकीय तपासण्यांचा अर्थ लावण्याचे होते. उपचारांचे निर्णय रक्तविकारतज्ज्ञ घेत होते, पण माझ्या अहवालातल्या एकेका शब्दावर ते निर्णय कसे वळतात, हे मला या अकरा वर्षांत फार जवळून पाहायला मिळाले.

मुलगा रांगू लागला तेव्हापासून त्याच्या गुडघ्यांवर आणि कपाळावर मोठे काळेनिळे डाग उमटत. चौदाव्या महिन्यात पडून ओठ फाटला आणि दोन दिवस रक्त थांबेना, तेव्हा तपासण्या झाल्या. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्यांपैकी एपीटीटी लांबलेली, पीटी सामान्य; फॅक्टर आठ सामान्य आणि फॅक्टर नऊची क्रियाशीलता १ टक्क्याहून कमी, असे चित्र होते. निदान स्पष्ट होते : तीव्र हिमोफिलिया बी. हा आजार साधारणपणे २५ ते ३० हजार पुरुष जन्मांमागे एकाला होतो; फॅक्टर १ टक्क्याहून कमी असेल तर तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सौम्य, अशी त्याची विभागणी केली जाते. तीव्र प्रकारात काही मार न लागताही सांध्यांत आणि स्नायूंत रक्त साचते.

फॅक्टर नऊचे जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ आहे. मुलाला त्याचे एक्स गुणसूत्र आईकडून मिळते, म्हणून आईच्या माहेरची वंशावळ काढली गेली. आईला भाऊ नव्हता, एक धाकटी बहीण होती. आईच्या वडिलांची, म्हणजे मुलाच्या आजोबांची, फॅक्टर नऊची पातळी मोजली तेव्हा ती ५२ टक्के भरली. सर्वसामान्य पातळीच्या खालच्या कडेला, पण आजार म्हणण्यासारखी नाही. वंशावळीत आजोबांचा चौकोन रिकामा, म्हणजे निरोगी पुरुषाचा, ठेवला गेला आणि बाजूला नोंद झाली : ‘कुटुंबात इतिहास नाही, बदल नव्याने झालेला असावा.’ हिमोफिलियाच्या बऱ्याच कुटुंबांत खरोखरच तसे असते, त्यामुळे कोणालाही ती नोंद खटकली नाही.

अडचण

आईवडिलांना दुसऱ्या अपत्याचा विचार करायचा होता, म्हणून त्यांनी जनुकीय तपासणी करून घेतली होती. अहवालात लिहिले होते की, जनुकाच्या आठही एक्झॉनमध्ये रोगकारक बदल आढळला नाही, आणि एखादा मोठा तुकडा गळाल्याचे किंवा दुप्पट झाल्याचेही दिसले नाही. हा अहवाल घेऊन ते आमच्याकडे आले. त्यांनी त्याचा लावलेला अर्थ असा होता की, मुलाचे जनुक ठीक आहे आणि आजाराचे कारण दुसरे काही तरी आहे. अहवालाची भाषा पाहता त्यांना दोष देता येणार नाही. ‘बदल आढळला नाही’ एवढे वाक्य त्यात ठळक होते. कुठे शोधले आणि कुठे शोधलेच नाही, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होते.

एक्झॉन म्हणजे जनुकाचा असा भाग की ज्याची प्रत अंतिम संदेशक आरएनएमध्ये टिकते. प्रथिनाची कृती त्यात लिहिलेली असते. फॅक्टर नऊचे जनुक सुमारे ३३ हजार अक्षरांचे (डीएनएची अक्षरे चारच : ए, टी, जी, सी) आहे, तर त्याचा तयार संदेश जेमतेम २८०० अक्षरांचा. उरलेल्या भागात इंट्रॉन आहेत, आणि जनुकाच्या सुरुवातीच्या अलीकडे तो पट्टा आहे, जिथे बसून पेशी ठरवते की हे जनुक कधी, कुठे आणि किती वाचायचे. या पट्ट्याला प्रवर्तक क्षेत्र म्हणतात, बोलण्यात प्रमोटर. आधीच्या तपासणीत वाचन सुरू झाले होते ते प्रथिनाच्या पहिल्या अक्षरत्रयीपासून. तिच्या अलीकडचे काहीही वाचले गेले नव्हते.

पहिला निर्णय : आता कुठे शोधायचे

आमच्यापुढे चार वाटा होत्या. एक्झॉन पुन्हा वाचणे ही पहिली; चुका होतात, नमुने अदलाबदल होतात, तेव्हा ही सूचना अगदीच टाकाऊ नव्हती. दुसरी म्हणजे इंट्रॉनच्या आत खोलवर, आरएनएच्या जोडणीत बिघाड करणारा बदल शोधणे. तिसरी, संपूर्ण जीनोम वाचणे. आणि चौथी, फक्त प्रमोटरचा तीनशे-चारशे अक्षरांचा तुकडा पीसीआरने वाढवून वाचणे.

चौथी वाट सर्वांत स्वस्त आणि जलद होती, पण ती निवडण्याचे कारण तेवढेच नव्हते. मुलाच्या रक्तात फॅक्टर नऊ किती काम करतो हे जसे मोजले होते, तसे ते प्रथिन प्रत्यक्ष किती आहे हेही आम्ही मोजून घेतले. दोन्ही सारखेच, जवळजवळ नगण्य निघाले. प्रथिनाच्या रचनेत दोष असता तर पुष्कळदा प्रथिन भरपूर, पण काम कमी, असे दिसते. येथे प्रथिन जवळजवळ तयारच होत नव्हते. अर्थात मोठा तुकडा गळाला किंवा मध्येच पूर्णविराम देणारे उत्परिवर्तन झाले तरी असेच दिसते, पण त्या दोन्ही शक्यता आधीच्या तपासणीने फेटाळल्या होत्या.

खरा दुवा मात्र प्रयोगशाळेतून आलाच नाही. दुसऱ्या भेटीला आजोबा सोबत आले होते. समुपदेशक बाई वंशावळ पुन्हा विचारत होत्या, आणि त्यांनी ‘तुम्हाला रक्तस्रावाचा आजार आहे का?’ असे न विचारता ‘लहानपणी तुम्हाला काय काय लागले-खुपले होते?’ असे विचारले. आजोबा म्हणाले, ‘माझे गुडघे सारखे सुजायचे, दात पडला की आठ-आठ दिवस रक्त यायचे. शाळेत मला खेळायला घेत नसत. मिसरूड फुटले आणि सगळे थांबले. नंतर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हाही काही झाले नाही.’

हे आतापर्यंत का सांगितले नाही, असे त्यांना कोणी विचारले नाही, आणि ते बरेच झाले. त्यांना याआधी फक्त रक्त तपासायला बोलावले होते आणि तपासणीने ते निरोगी ठरवले होते. मुळात वयात येताना बरा होणारा हिमोफिलिया असतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

असा हिमोफिलिया असतो. १९७० मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात तो प्रथम वर्णन केला गेला आणि लायडन शहरावरून त्याला ‘हिमोफिलिया बी लायडन’ असे नाव मिळाले. १९८२ मध्ये हे नीट दाखवले गेले की, या मुलांचा फॅक्टर नऊ बालपणी १ टक्क्याहून कमी असला, तरी वयात आल्यावर तो वर्षागणिक चढत जातो. १९८८ मध्ये त्या मूळ कुटुंबातील दोष सापडला : प्रमोटरमधले एकच अक्षर, टीच्या जागी ए. आजोबांचे वाक्य ऐकल्यावर चौथी वाट ही केवळ स्वस्त राहिली नाही, ती पहिली झाली.

प्रमोटर नेमके काय करतो

येथे थोडे थांबून हे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

जनुकाची प्रत काढणारे यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज दोन, स्वतःहून जनुकाची सुरुवात ओळखत नाही. काही प्रथिने आधी डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि मग त्यांच्या आधाराने ते यंत्र सुरुवातीच्या अक्षराजवळ आणून ठेवले जाते. काही जनुकांत सुरुवातीच्या अलीकडे पंचवीस-तीस अक्षरांवर टाटा पेटी नावाचा खुणेचा शब्द असतो, पण मानवाच्या बहुसंख्य जनुकांत तो नसतो, आणि फॅक्टर नऊच्या जनुकातही तो नेहमीच्या रूपात नाही. त्यामुळे या जनुकाचा भार मुख्यतः यकृतातल्या पेशींत विपुल असणाऱ्या काही प्रथिनांवर पडतो. प्रत्येक प्रथिन आपापला सहा ते पंधरा अक्षरांचा शब्द ओळखते आणि तिथे बसते. यकृतातच फॅक्टर नऊ का तयार होतो आणि त्वचेत का नाही, याचे बरेचसे उत्तर यात आहे : जनुक सगळ्या पेशींत आहे, पण त्या जागांवर बसणारी प्रथिने सगळीकडे पुरेशी नाहीत.

या जनुकात सुरुवातीच्या अक्षराला +१ आणि त्याच्या अलीकडच्या अक्षरांना −१, −२ असे धरले, तर +१ ते +१८ या भागात सी/ईबीपी नावाच्या प्रथिनाची जागा आहे. −५ आणि −६ च्या आसपास वनकट कुळातल्या प्रथिनांची जागा आहे. ती ओळखायला २०१३ साल उजाडावे लागले. त्याच्याही अलीकडे, −२० आणि −२६ ज्यात येतात त्या भागात एचएनएफ-४ या प्रथिनाची जागा आहे. लायडन प्रकारातले बदल याच सुमारे पन्नास अक्षरांच्या पट्ट्यात दाटीने सापडतात. आणि −३६ ते −२२ या भागात आणखी एक जागा आहे, जिथे पौरुषसंप्रेरकाचा ग्राही, म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर, बसू शकतो.

शेवटच्या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या आहेत, आणि सगळे मर्म त्या चढलेल्या भागात आहे. −२० चे अक्षर बिघडले तर एचएनएफ-४ ची पकड सुटते, पण संप्रेरकाची जागा −२२ ला संपते, म्हणून ती शाबूत राहते. मुलगा वयात आला, संप्रेरक वाढले, की ही शाबूत जागा उणीव भरून काढू लागते. −२६ चे अक्षर बिघडले तर मात्र दोन्ही जागा एकदम जातात. या दुसऱ्या बदलाला ब्रँडेनबर्ग प्रकार म्हणतात, आणि त्या रुग्णांचा फॅक्टर वयात आल्यावरही वाढत नाही. १९९२ मध्ये हा फरक स्पष्ट झाला. सहा अक्षरांचे अंतर. एका बाजूला सुटका, दुसऱ्या बाजूला जन्मभराचा तीव्र आजार.

निरोगी माणसात, आणि स्त्रियांतही, पुरेसा फॅक्टर नऊ पौरुषसंप्रेरकांशिवाय तयार होतोच. त्यांच्या प्रमोटरवरची बाकीची सर्व प्रथिने आपापल्या जागी बसलेली असतात, म्हणून संप्रेरकाच्या जागेचे महत्त्व लक्षात येत नाही. एक आधार निखळल्यावरच ते दिसून येते. प्रमोटर म्हणजे दिव्याचे बटण, ही उपमा मला म्हणूनच अपुरी वाटते. बटणाला वय नसते. प्रमोटरवर कोण बसणार हे मात्र पेशी कोणती, शरीराचे वय किती आणि रक्तात कोणती संप्रेरके आहेत यांवर ठरते. सुधारणेचे संपूर्ण श्रेय या एका जागेला देण्याबाबतही सावध राहावे, कारण उंदरांवरील प्रयोगांत वाढीच्या संप्रेरकाचा वाटाही मोठा असल्याचे दिसले आहे.

दुसरा निर्णय : आकड्याचा अर्थ

प्रमोटर वाचून झाला आणि बदल सापडला. अहवालात तो असा आला : ‘−४९ या जागी टीऐवजी ए.’ आमच्यातल्या एका सहकाऱ्याने जुन्या शोधनिबंधांतल्या याद्या पाहिल्या. −४९ कुठेच नव्हते. संप्रेरकाची जागा −३६ ला सुरू होते, म्हणजे −४९ तिच्याही पलीकडे, ज्ञात जागांच्या बाहेर. त्यामुळे पहिल्या मसुद्यात या बदलाला ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मिळाला आणि प्रकरण दोन आठवडे तिथेच अडकले.

गोंधळ मोजणीचा होता. जुने संशोधक जनुकाची प्रत काढणे जिथे सुरू होते त्या अक्षराला +१ म्हणत. आजची प्रमाण पद्धत प्रथिनाच्या पहिल्या अक्षरत्रयीतल्या एला १ म्हणते आणि तिथून मागे मोजते. शून्य दोन्ही पद्धतींत नाही. या जनुकात दोन सुरुवातींमध्ये २९ अक्षरांचे अंतर आहे. म्हणून नव्या पद्धतीतले −४९ हे जुन्या पद्धतीतले −२० होते, अगदी त्या मूळ डच कुटुंबातला बदल. ब्रँडेनबर्गचे −२६ नव्या पद्धतीत −५५ होते.

हे लक्षात आले ते मसुदा पुन्हा वाचताना, दोन्ही बाजूंची अक्षरमाला कागदावर लिहून बोट ठेवत मोजल्यावर. याला मी किरकोळ गोंधळ म्हणणार नाही. अशीच चूक ब्रँडेनबर्गच्या बाबतीत झाली असती, म्हणजे नव्या पद्धतीतल्या −५५ ला कोणी जुन्या यादीत शोधून ‘अनोळखी’ ठरवले असते, किंवा एखाद्या टिपणातला −२६ पद्धत न लिहिता पुढे गेला असता, तर एखाद्या कुटुंबाला चुकीचे भविष्य सांगितले गेले असते.

प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींमध्ये हा प्रमोटर घालून त्याची ताकद मोजावी का, हाही प्रश्न निघाला. प्रमोटरपुढे ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडायचे आणि पेशी किती उजळतात ते पाहायचे, अशी ती पद्धत आहे. बदल नवा असता तर ती आवश्यक ठरली असती. येथे बदल ओळखीचा होता, म्हणून आम्ही त्याऐवजी आजोबांचा डीएनए तपासला. त्यांच्यात तोच बदल निघाला. साठी उलटलेल्या माणसात ५२ टक्के आणि त्याच्या नातवात १ टक्क्याहून कमी. दोघांच्या प्रमोटरमध्ये तेच अक्षर.

यातून एक तातडीची गोष्ट पुढे आली. आजोबांचे एकमेव एक्स गुणसूत्र त्यांच्या प्रत्येक मुलीकडे जाणारच. म्हणजे मुलाची आई निश्चित वाहक, म्हणजे हा बदल पुढच्या पिढीला देऊ शकणारी, होती, आणि तिची धाकटी बहीणही. मावशी त्या वेळी पाच महिन्यांची गरोदर होती आणि वंशावळीतल्या त्या रिकाम्या चौकोनामुळे तिला आजवर कोणीही बोलावले नव्हते.

तिसरा निर्णय : वाट पाहायची की उपचार करायचे

निदान कळल्यावर वडिलांनी विचारलेला पहिला प्रश्न स्वाभाविक होता. आजार आपोआप जाणार असेल, तर चार वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला शिरेतून इंजेक्शन का टोचायचे? रक्तस्राव होईल तेव्हा फॅक्टर द्यावा आणि बाकी वयात येण्याची वाट पाहावी.

आमच्या चमूतही यावर एकमत नव्हते. वाट पाहण्याच्या बाजूने आजोबांचे उदाहरण होते : ते प्रतिबंधक उपचारांशिवाय मोठे झाले. मग रक्तविकारतज्ज्ञांनी आजोबांना दोन्ही गुडघे वाकवायला सांगितले. उजवा पूर्ण वाकत नव्हता, आणि घोट्याच्या क्ष-किरण चित्रात सांध्याची जागा अरुंद झालेली दिसत होती. त्यांचा फॅक्टर वाढला होता, पण तोपर्यंत सांध्यांचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. सांध्यात साचलेल्या रक्तातले लोह आतल्या आवरणाला सुजवते, कूर्चा झिजवते, आणि ही झीज भरून येत नाही. प्रमोटर पंधराव्या वर्षी जागा झाला, तरी सहाव्या वर्षी खराब झालेला गुडघा तो दुरुस्त करू शकत नाही. वडिलांना हे पटले ते आमच्या स्पष्टीकरणाने नव्हे, सासऱ्यांचा गुडघा पाहून.

दुसरा पर्याय त्यांनी स्वतः वाचून आणला होता : पौरुषसंप्रेरके आधीच देऊन प्रमोटर लवकर जागा करावा. तर्क चुकीचा नव्हता. पण लहान वयात ही संप्रेरके दिली तर अकाली वयात येण्याची लक्षणे दिसतात आणि हाडांच्या वाढीच्या चकत्या लवकर बंद होऊन उंची खुंटते. सुरक्षित फॅक्टर हाताशी असताना हा मार्ग आम्ही ठाम नाकारला.

जनुकोपचाराबद्दलही त्यांनी विचारले. प्रौढांसाठीचा हिमोफिलिया बी वरचा पहिला जनुकोपचार अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. त्यात फॅक्टर नऊच्या जनुकापुढे यकृतात चालणारा वेगळा प्रमोटर जोडलेला आहे, ही गोष्ट या प्रकरणाच्या संदर्भात विलक्षण वाटते. मुलांसाठी तो नव्हता. आणि असता, तरी स्वतःचे जनुक पुढे काम करू लागणार आहे अशा मुलात, तात्पुरत्या उणिवेसाठी कायमचा उपाय करणे मला योग्य वाटले नसते.

शेवटी नियमित प्रतिबंधक फॅक्टर सुरू झाला, वयात येईपर्यंतच्या मुदतीसाठी. एक दिलासा होता : या प्रकारात प्रथिन मूळ स्वरूपातच, फक्त थोडे तयार होते, त्यामुळे बाहेरून दिलेल्या फॅक्टरला शरीर परके मानून प्रतिपिंडे करण्याचा धोका, मोठे तुकडे गळालेल्या रुग्णांच्या मानाने, बराच कमी असतो.

नावामुळे एक भीती मध्येच उद्भवली. आईने कुठेतरी वाचले की ‘लायडन’ म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आजार, आणि दोन इंजेक्शने तिने घाबरून दिलीच नाहीत. तो फॅक्टर पाच लायडन. शहर एकच, आजार अगदी उलट. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

चौथा निर्णय : थांबायचे केव्हा

बाराव्या वर्षी वयात येण्याची चिन्हे दिसू लागली. आता मुलाचा स्वतःचा फॅक्टर किती, हे मोजायचे होते. तोपर्यंत त्याला दीर्घकाळ टिकणारा फॅक्टर आठवड्यातून एकदा दिला जात होता. पुढची मात्रा देण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यात ९ टक्के दिसले. सर्वांना आनंद झाला, कारण आपण ज्याची वाट पाहत होतो ते सुरू झाले असे वाटले. प्रतिबंधक उपचार थांबवण्यात आले. पाचव्या आठवड्यात, काही न लागता, डाव्या घोट्यात रक्तस्राव झाला. त्या दिवशी उपचारापूर्वी घेतलेल्या नमुन्यात फॅक्टर होता २ टक्के.

चूक हिशेबाची होती आणि ती टाळता येण्यासारखी होती. दीर्घकाळ टिकणाऱ्या या फॅक्टरचे अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी होण्याचा काळ, सुमारे चार दिवस असते. मात्रेनंतर पातळी चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचली असेल, तर सात दिवसांनी, म्हणजे जवळजवळ दोन अर्धायुष्यांनी, त्याचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास, उरणारच. आम्ही औषध मोजले आणि त्याला मुलाचा फॅक्टर समजलो. अहवालात शेवटच्या मात्रेची तारीख लिहिण्याची जागाच नव्हती, आणि ती मी विचारली नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. पातळी मोजण्याआधी काही आठवडे मुलाला अल्पकाळ टिकणाऱ्या फॅक्टरवर आणले जाई, ज्याचे अर्धायुष्य साधारण एक दिवसाचे असते. मग निदान पाच दिवसांची विश्रांती, त्या दिवसांत शाळेतला खेळ बंद, आणि मग नमुना. दर सहा महिन्यांनी असे केले. तेराव्या वर्षी ५ टक्के, साडेतेराव्या वर्षी ९, चौदाव्या वर्षी १५. एकच आकडा पाहून निर्णय घ्यायचा नाही, लागोपाठ दोन नमुने १० टक्क्यांच्या वर आले तरच थांबायचे, असे ठरले होते. साडेचौदाव्या वर्षी १९ टक्के दिसले आणि प्रतिबंधक उपचार थांबले.

निष्पत्ती

आज मुलाचा फॅक्टर नऊ २४ टक्के आहे. गेल्या वर्षभरात आपोआप झालेला रक्तस्राव नाही. दात काढणे, शस्त्रक्रिया किंवा मोठी दुखापत या प्रसंगी त्याला अजूनही फॅक्टर लागेल, आणि तसे पत्र त्याच्याजवळ असते. डाव्या घोट्याच्या तपासणीत सांध्याचे आवरण किंचित जाडसर दिसते. बाकी सांधे निर्दोष आहेत.

मावशीला मुलगा झाला. वाहक असल्याचे आधी कळल्यामुळे प्रसूतीत चिमटे किंवा निर्वात पंप वापरायचा नाही हे ठरलेले होते, आणि नाळेतल्या रक्तातून पहिल्याच आठवड्यात उत्तर मिळाले : त्याच्यातही तेच अक्षर होते. नवजात बाळांचा फॅक्टर नऊ यकृत अपक्व असल्यामुळे तसाही कमी असतो, म्हणून आम्ही पातळीवर विसंबलो नाही, डीएनएवर विसंबलो. पहिला सांधा सुजण्याआधीच त्याचे प्रतिबंधक उपचार सुरू झाले. आता तो दहा वर्षांचा आहे आणि त्याच्या सांध्यांत एकदाही रक्त साचलेले नाही. मावसभावापेक्षा त्याला चार वर्षे आधी नेमके निदान मिळाले, आणि ते आजोबांच्या एका वाक्यामुळे.

वेगळे काय करता आले असते

वंशावळ काढताना आजची पातळी मोजून माणसाला निरोगी ठरवणे, ही सर्वांत महाग चूक होती. हिमोफिलिया बी मध्ये आजोबांना, मामांना आणि आईच्या मामांना त्यांच्या बालपणाबद्दल स्वतंत्रपणे विचारले पाहिजे; सहा वर्षांचे असताना काय व्हायचे, दात पडताना काय व्हायचे, असे.

अहवालाची भाषा आम्ही बदलली. ‘बदल आढळला नाही’ या वाक्यालगतच, त्याच आकाराच्या अक्षरांत, काय वाचले आणि काय वाचले नाही हे आता लिहिले जाते. प्रमोटरमधला बदल दोन्ही पद्धतींच्या आकड्यांनी लिहिला जातो, आणि फॅक्टरच्या प्रत्येक मोजमापाशेजारी शेवटच्या मात्रेचा प्रकार व तारीख असते. जागा सारखी असली तरी कोणते अक्षर बदलून कोणते आले हेही महत्त्वाचे असते : −६ ला जीऐवजी ए आला तर आजार सौम्य राहतो, सी आला तर तो बराच तीव्र होतो. म्हणून ‘लायडन प्रकार’ एवढाच शेरा मी आता लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून फार उशिरा झाली. आईला आम्ही पहिल्या महिन्यातच ‘वाहक’ म्हटले, तिच्या मुलाचा फॅक्टर शेकडो वेळा मोजला, पण तिचा स्वतःचा नऊ वर्षे मोजला नाही. मुलाच्या घोट्याच्या रक्तस्रावानंतर ती एकदा समुपदेशक बाईंशी बोलत बसली होती, तेव्हा तिने सांगितले की पाळी सुरू झाल्यापासून तिला दर महिन्याला दहा-दहा दिवस रक्तस्राव होतो आणि लोहाच्या गोळ्या कधी सुटलेल्या नाहीत. तिचा फॅक्टर नऊ ३१ टक्के निघाला. वाहक स्त्रीच्या यकृतातल्या काही पेशी बिघडलेला प्रमोटर वापरतात, काही चांगला, आणि कोणत्या किती हे ज्याच्या त्याच्या शरीरावर असते. तिच्या बाबतीत वयात येण्याने फारशी भर पडलेली नव्हती. ४० टक्क्यांच्या खाली म्हणजे आमच्याच व्याख्येप्रमाणे ती सौम्य हिमोफिलियाची रुग्ण होती. तिच्या नावाची वेगळी फाइल त्या दिवशी उघडली गेली.